एकाच कुशीत दोन जीव

गर्भारपणाचे माप आपल्या भाषेने केव्हाच ठरवून टाकले आहे : नऊ महिने नऊ दिवस. त्या मापाभोवती घरातील सारा क्रम बसविलेला असतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, त्यानंतर ओटी भरून मुलीला माहेरी नेणे, पहिले बाळंतपण आईच्या हाताखाली होणे. महाराष्ट्रातच नव्हे, तर इंदूर, बडोदे, हैदराबाद वा दिल्ली येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतूनही हा क्रम जपला जातो. पोटात एकच बाळ असेल तर हा हिशेब बहुधा जुळतो. परंतु दोन जीव वाढत असतील, तर तो हमखास चुकण्याचा संभव असतो. कारण निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच जन्मास येतात. ज्या सातव्या-आठव्या महिन्यात प्रवासाची बांधाबांध चालू असते, तोच पुष्कळदा त्यांच्या प्रसूतीचा महिना ठरतो.

असा एक प्रसंग कल्पनेत आणा. इंदूरच्या एका घरातील सून तिसऱ्या महिन्यात तपासणीसाठी गेली आहे. सोबत सासूबाई आहेत. पडद्यावर एकाऐवजी दोन ठोके दिसतात.

“काय म्हणता डॉक्टरीणबाई, दोन!” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. “सूनबाई, आता पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही हो. सातव्यात ओटी भरू, म्हणजे तुझे दादा येऊन तुला नागपूरला घेऊन जातील.”

“आजी, आनंद मोठा आहेच,” डॉक्टरीणबाई म्हणतात, “पण दोन आहेत हे अर्धेच उत्तर झाले. वार एक आहे की दोन, ते कळल्याशिवाय पुढचे काही ठरवू नका.”

ह्या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व अद्याप फार थोड्या घरांना ठाऊक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. जुळ्यांचे गर्भारपण हा आजार नव्हे. पण ते नेहमीचे गर्भारपणही नव्हे. त्याचे दिवस वेगळे मोजावे लागतात.

जुळी कशी होतात?

जुळे केळे खाल्ल्याने जुळी मुले होतात, ही समजूत आजही कानी येते. तिला कोणताही आधार नाही. जुळी दोन प्रकारची असतात. कधी स्त्रीच्या शरीरात एकाच वेळी दोन बीजे परिपक्व होतात आणि दोहोंतही गर्भधारणा होते. अशी भावंडे एकमेकांसारखी असतील वा नसतील. एक मुलगा व एक मुलगी असेही होते. दुसऱ्या प्रकारात एकाच बीजातून सुरू झालेला गर्भ पहिल्या काही दिवसांत दुभंगतो व त्याचे दोन जीव बनतात. ही मुले एकाच लिंगाची व रूपाने अत्यंत सारखी असतात.

पहिल्या प्रकारची जुळी काही घराण्यांत अधिक दिसतात, आणि येथे मातेच्या बाजूच्या वारशाला महत्त्व असते. मातेचे वय तिशीच्या पुढे गेले असेल किंवा आधी काही बाळंतपणे झाली असतील, तर त्यांचे प्रमाण वाढते. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोडिन्ही हे गाव जुळ्यांच्या असाधारण संख्येमुळे प्रसिद्धीस आले आहे. तेथील कारणाचा उलगडा मात्र झालेला नाही. दुसऱ्या प्रकारची जुळी जगात सर्वत्र जवळजवळ सारख्याच प्रमाणात, म्हणजे दर हजार प्रसूतींमागे सुमारे चार, आढळतात. १८९५ साली हेलिन ह्या वैद्याने एक ढोबळ नियम मांडला होता : सुमारे ८९ प्रसूतींमागे एक जुळी आणि ८९ गुणिले ८९, म्हणजे जवळजवळ आठ हजार प्रसूतींमागे एक तिळी.

हा नियम निसर्गाच्या हिशेबाचा होता. वंध्यत्वावरील उपचारांनी तो बदलून टाकला. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिले परीक्षानळीतील बालक जन्मले. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले असे बालक जन्मास आले. पुढे हे उपचार देशभर पसरले. यशाची शक्यता वाढावी म्हणून एकाच वेळी दोन-तीन भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा प्रघात पडला आणि जुळ्या-तिळ्यांची संख्या वाढली. बीजकोशांना चेतना देणाऱ्या औषधांनीही तसेच घडते. कित्येक वर्षे वाट पाहिलेले दांपत्य “एकदम दोन झाली तर बरेच,” असे सहज म्हणून जाते. त्यांची भावना कोणालाही समजेल. परंतु मातेच्या व बाळांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने, शक्य तेथे एकच भ्रूण सोडणे हाच मार्ग आज अधिक सुज्ञपणाचा मानला जातो. उपचारापूर्वी ह्याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

वार एक की दोन?

एके काळी दुसरे मूल आहे हे पुष्कळदा पहिले मूल जन्मल्यावरच कळत असे. पोट अपेक्षेपेक्षा मोठे दिसले म्हणजे अनुभवी सुईण अंदाज बांधी, एवढेच. १९५८ साली ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील गर्भ पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि हा अंधार हळूहळू दूर झाला. आज सोनोग्राफीची सोय तालुक्याच्या अनेक गावांपर्यंत पोहोचली आहे. तिचा उपयोग गर्भांची संख्या व प्रकृती पाहण्यासाठी आहे. लिंग विचारणे व सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

बाळाला रक्त व पोषण पोहोचविणारा जो अवयव प्रसूतीनंतर पडतो, तिला आपण वार म्हणतो. दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांना नेहमी आपापली स्वतंत्र वार असते. एका बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी बहुसंख्यांना मात्र एकाच वारेवर पोसावे लागते. सर्व जुळ्यांचा विचार केला तर साधारण पाच जोड्यांमागे एका जोडीत असे असते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत हा भेद स्पष्ट दिसतो. दोन गर्भांमधील पडदा जेथे वारेला मिळतो तेथे त्रिकोणी पाचर दिसली, तर वारा दोन. पडदा पातळ असून सरळ काटकोनात टेकलेला दिसला, तर वार एक. पुढे दिवस गेल्यावर ही खूण पुसट होते. म्हणून ही तपासणी वेळेवर करून घेणे व तिचा निष्कर्ष कागदावर लिहून घेणे, ही जुळ्यांच्या संगोपनाची पहिली पायरी होय.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण एकाच वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा जोड्यांपैकी सुमारे १० ते १५ टक्क्यांत रक्ताचा प्रवाह एकीकडे झुकतो. एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाऊ लागते. देणारे बाळ खुरटते व त्याच्याभोवतीचे पाणी आटते. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण पडतो व त्याच्याभोवती पाणी फार साठते. उपाय न झाल्यास दोन्ही बाळे दगावण्याची भीती असते. पूर्वी सुईने जास्तीचे पाणी काढणे एवढाच इलाज होता. पुढे दुर्बिणीतून वारेवरील जोडवाहिन्या लेसर किरणांनी बंद करण्याची पद्धत निघाली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीने ती अधिक उपकारक असल्याचे सिद्ध केले. भारतातही मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत हा उपचार होतो. परंतु तो बहुधा १६ ते २६ आठवड्यांच्या अवधीतच करता येतो. म्हणून एकच वार असेल, तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास सोनोग्राफी करावी लागते. दोन वारा असतील तर दर चार आठवड्यांनी पुरते. पोट चार-आठ दिवसांत अचानक फुगले, ताणले गेले व श्वास जड झाला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट हळुवारपणे सांगावयास हवी. अगदी आरंभी दोन गर्भ दिसूनही पहिल्या तीन महिन्यांत त्यांपैकी एक आपोआप विरून जातो, असे कधी कधी घडते. उरलेले बाळ बहुधा सुखरूप वाढते. ह्यात मातेच्या चालण्याफिरण्याचा वा खाण्यापिण्याचा दोष नसतो. तिला बोल लावू नये. तिचे दुःख मात्र खरे मानावे.

मातेवर पडणारा भार

दोन जीवांना पोसताना मातेच्या रक्तावर, हृदयावर व मूत्रपिंडांवर अधिक भार येतो. पहिला धोका रक्तक्षयाचा. आपल्या देशात एकट्या बाळाच्या मातांमध्येही तो फार आढळतो. जुळ्यांत तर रक्ताची गरज आणखी वाढते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली जाता कामा नये. सरकारी आरोग्यकेंद्रांत चौथ्या महिन्यापासून लोहाच्या व फॉलिक आम्लाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. त्या निदान १८० दिवस घ्यावयाच्या असतात. जुळ्यांच्या मातेने मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ही गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबाच्या सरबताबरोबर वा आवळ्याबरोबर घेतल्यास अधिक अंगी लागते.

दुसरा धोका रक्तदाबाचा. तो जुळ्यांत दोन ते तीन पटींनी अधिक संभवतो. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, पोटाच्या वरच्या भागात कळ येणे, ही त्याची चिन्हे होत. दुर्लक्ष झाल्यास झटके येऊन मातेच्या जिवावर बेतते. काही स्त्रियांना डॉक्टर बाराव्या आठवड्यापासूनच ॲस्पिरिनची लहान मात्रा देतात. ती आपल्या मनाने सुरू करू नये व मनाने बंदही करू नये. ह्याखेरीज गर्भकालीन मधुमेह, अतिशय उलट्या आणि तळहात-तळपायांना सुटणारी असह्य खाज ह्यांकडेही लक्ष ठेवावे लागते.

आहाराविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. “दोघांचे खा, आता तर तिघांचे खा,” असे एक म्हणते. “जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन अडेल,” असे दुसरे. दोन्ही सोडून द्यावीत. जुळ्यांच्या मातेचे पोट लवकर भरल्यासारखे होते. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. नाचणी, डाळी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दूध, दही, पालेभाज्या, आणि घरात चालत असतील तर अंडी व मासे, ह्यांतून तिला हवे ते मिळते. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले तिने खावयाचे, ही रीत निदान ह्या महिन्यांपुरती तरी मोडावी.

आणि सासूबाईंच्या त्या पलंगाचे काय? दमणे टाळावे, जड उचलू नये, दुपारी डाव्या कुशीवर पडावे, हे योग्यच. परंतु काही तक्रार नसताना महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहिल्याने जुळ्यांची प्रसूती लांबत नाही, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. उलट पायांतील शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो व अंगातील बळ जाते. सरसकट सर्वांच्या गर्भाशयमुखाला टाका घालण्यानेही लाभ होत नाही. विश्रांती हवी, कैद नको.

वेळेआधीच्या कळा

जुळ्यांना सर्वांत मोठे भय अपुऱ्या दिवसांचे. म्हणून सहाव्या महिन्यापासून घरातील प्रत्येकाला धोक्याची चिन्हे ठाऊक असावीत : पोट पुनःपुन्हा कडक होणे, कंबरेतून कळा येणे, पाणी जाणे, रक्त दिसणे, बाळांची हालचाल मंदावणे. कळा खोट्या असतील असे समजून रात्र काढू नये. वेळेवर इस्पितळ गाठल्यास पुष्कळ काही करता येते. १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी ह्यांनी दाखवून दिले की, प्रसूतीपूर्वी मातेला विशिष्ट औषधाचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूतीची चिन्हे दिसू लागल्यास डेक्सामेथासोनच्या, दर बारा तासांनी एक, अशा चार मात्रा देतात. औषध स्वस्त आहे. पण त्याला अवधी मिळाला पाहिजे. तो अवधी कुटुंबाच्या सावधपणातूनच मिळतो.

प्रसूती कोठे व कशी?

सर्व काही ठीक असेल तर दोन वारा असलेल्या जुळ्यांची प्रसूती ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि एक वार असलेल्यांची ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. दोन्ही बाळे एकाच पिशवीत, मध्ये पडदा नसताना वाढत असतील, तर नाळा एकमेकींत गुंतण्याचे भय असते. अशा दुर्मीळ वेळी ३२ ते ३४ आठवड्यांतच शस्त्रक्रियेने प्रसूती करतात.

जुळी म्हणजे शस्त्रक्रिया अटळ, अशी समजूत शहरांतून रूढ झाली आहे. ती सर्वस्वी खरी नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ देशांतील सुमारे २८०० स्त्रियांच्या अभ्यासात असे आढळले की, पहिल्या बाळाचे डोके खाली असेल, तर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेने बाळांना नैसर्गिक प्रसूतीपेक्षा अधिक लाभ होत नाही. मात्र त्या प्रसूतीच्या वेळी निष्णात प्रसूतितज्ज्ञ हजर होते आणि गरज पडताच शस्त्रक्रियेची सोय होती, हे विसरता कामा नये. पहिले बाळ आडवे वा पायाळू असेल, तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

पहिले बाळ आले म्हणजे घरचे पेढे आणावयास धावतात. प्रसूतिगृहातील खरी कसोटी मात्र तेव्हा सुरू होते. दुसरे बाळ आडवे फिरू शकते, त्याची नाळ आधी बाहेर येऊ शकते, वार सुटू शकते. गर्भाशय आवळणारी जी सुई एरवी बाळ जन्मताच देतात, तीही शेवटचे बाळ बाहेर येईपर्यंत द्यावयाची नसते. त्यानंतर अतिताणलेले गर्भाशय नीट आवळले नाही, तर भयंकर रक्तस्राव होतो. म्हणून जुळ्यांची प्रसूती घरी करू नये; जेथे शस्त्रक्रिया, रक्त व नवजात बालकांचा विशेष कक्ष ह्या तिन्ही सोयी आहेत, तेथेच करावी.

ह्या सोयी केवळ श्रीमंतांसाठी नाहीत. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहन, तसेच आजारी नवजात बाळाचे उपचार विनामूल्य आहेत. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला, २०१६ पासून, गर्भवतींची डॉक्टरांकडून विशेष तपासणी होते. जुळी असल्यास कार्डावर जोखमीची लाल खूण करवून घ्यावी. ती खूण पाहताच कोणत्याही गावच्या परिचारिकेला पुढचे कळते.

इवल्या बाळांसाठी

२८ मे १९३४ रोजी कॅनडातील एका शेतकरी घरात पाच मुली एकाच वेळी, सुमारे दोन महिने आधी, जन्मल्या. डिऑन भगिनी म्हणून पुढे त्या जगप्रसिद्ध झाल्या. अशा पाचही मुली बालपण ओलांडून वाचल्याचे ते पहिलेच ज्ञात उदाहरण. आरंभी त्यांना पांघरुणात गुंडाळून, टोपलीत घालून तापलेल्या चुलीच्या उबेत ठेवले होते आणि मातांचे दूध दूरच्या शहरांतून आणविले जात होते. यंत्रे कितीही सुधारली, तरी ऊब, आईचे दूध व स्वच्छता ही त्रयी आजही तितकीच खरी आहे.

उबेचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणे. ही कांगारू पद्धत १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केल्याने लहान वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसले. जुळ्यांच्या बाबतीत एक छाती पुरत नाही. येथे वडिलांनी व आजीने पुढे यावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर करण्यापेक्षा ही ऊब शतपटींनी बरी.

दोघांना दूध पुरेल काय, ही प्रत्येक मातेची चिंता असते. जितके पाजावे तितके दूध वाढते, हा निसर्गाचा नियम तिच्या बाजूचा आहे. बाळ ओढण्याइतके सशक्त नसेल, तर दूध काढून स्वच्छ उकळलेल्या वाटी-चमच्याने वा बोंडल्याने पाजावे. मध, गुटी, वरचे पाणी काहीही देऊ नये. आईचे दूध अपुरे पडल्यास मातृदुग्धपेढीचा आधार असतो. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली अशी पेढी स्थापन झाली. आता देशात अनेक ठिकाणी त्या आहेत.

मातेच्या मनाकडेही पाहावे. दोन बाळांच्या रात्रीच्या जागरणाने ती खचते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ते नाटक न समजता डॉक्टरांना दाखवावे. पुढील गर्भधारणेपूर्वी निदान दोन वर्षांचे अंतर राहील अशी योजना पतिपत्नींनी इस्पितळातूनच करून यावी.

आता पुन्हा इंदूरच्या त्या घराकडे वळू. तपासणीत वार एकच निघाली. दर पंधरवड्यास सोनोग्राफी, शेवटचे महिने इस्पितळाच्या जवळ राहणे, लांबचा प्रवास नाही, असे ठरले. नागपूरचे माहेर हिरमुसले. तेव्हा सासूबाईंनीच विहीणबाईंना फोन केला : “पोरीला तिकडे पाठवता येत नाही. तेव्हा तुम्हीच इकडे या. चार महिने आपण दोघी मिळून तिचे करू.” डोहाळजेवण पाचव्या महिन्यातच उरकले, रीत मोडली नाही, फक्त अलीकडे आली. दोन आज्या आणि दोन बाळे, हा हिशेब मात्र बरोबर जुळला.